एका रात्रीपुरती जमीन

विरारला उतरून पश्चिमेकडे निघाले की बोळिंज, नंदाखाल, आगाशी आणि शेवटी अर्नाळा असा रस्ता जातो. चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटर. त्यामुळे मुंबईच्या ज्या कुटुंबाला तंबू ठोकून एक रात्र उघड्यावर काढायची हौस आहे, त्याची नजर नकाशावर लवकरच इकडे वळते. पश्चिमेला समुद्र, मध्ये केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, पूर्वेला तुंगारेश्वरचे रान. मग चौकशी सुरू होते. तंबू किती जणांचा घ्यावा, झोपायची सोय असलेली गाडी भाड्याने मिळते का, शेकोटी पेटवता येते का, स्वयंपाक कशावर करायचा.

माझ्या मते इथे क्रम उलटा लागतो. महानगराजवळच्या मुक्कामाचा पहिला प्रश्न जमिनीचा आहे. आपण झोपणार ती जमीन कोणाची, पाणी कुठून येणार आणि आपण निघून गेल्यावर आपली घाण कुठे जाणार, एवढे ठरले की उरलेले सामान बाजारात मिळते. हे ठरले नसेल तर कितीही महागडा तंबू असो, रात्री अकराला पोलिसांनी बॅटरी मारली की तो गुंडाळावा लागतो. उत्तर कोकणात आणि एकूणच मुंबईच्या आसपास अशी जमीन चार प्रकारची आहे: किनाऱ्याची, रानाची, धरणाकाठची आणि खाजगी. चारही ठिकाणचे कायदे वेगळे, धोके वेगळे आणि यजमानही वेगळे.

किनाऱ्यापासून सुरुवात करू, कारण लोक आधी तिथेच जातात. वाटेतल्या नंदाखालपासून राजोडीचा किनारा जवळ. शेजारी नवापूर, खाली कळंब, वर अर्नाळा. सुरूची बने, लांबच लांब वाळू, हिवाळ्यात उतरणारे समुद्रपक्षी. ही वाळू मोकळी दिसते, पण ती कोणाचीच नाही असे नाही. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे भरतीरेषेलगतच्या पट्ट्यात बांधकामाला बंदी आहे. तात्पुरत्या पर्यटन सोयी करता येतात, पण भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून आणि रीतसर मंजुरी घेऊन. ज्याला वाटेल त्याने तंबू ठोकावा अशी ती मुभा नाही. राज्य सरकारने २०२० मध्ये किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या कुट्यांसाठी आठ किनारे निवडले. त्यांत पालघर जिल्ह्यातले दोन होते, केळवे आणि बोर्डी. वसई तालुक्यातला एकही नव्हता. म्हणून वाळूच्या जवळ आणि सरकारच्या नजरेखाली राहायचे असेल तर आजही केळवे-बोर्डीकडे जाणे शहाणपणाचे. तिथे सुरूच्या बनामागे राहण्याच्या घरगुती सोयीही आहेत.

कायद्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती वाळू कोळ्यांचे अंगण आहे. अर्नाळ्याला बोंबील वाळत घालायच्या वलांडी उभ्या असतात, जाळी पसरलेली असतात, होड्या ओढून ठेवलेल्या असतात. पहाटेच्या अंधारात तिथे माणसे कामाला लागतात. त्यांच्या वाटेत दोऱ्या ताणून तंबू लावणे म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाच्या दारात अंथरूण घालणे. गाडी वाळूत उतरवण्याचा मोह तर अनेकांना आवरत नाही. ओहोटीला वाळू कडक लागते, चाके फिरतात, आणि भरती चढू लागली की तीच वाळू चाकाखालून पाझरून गाडी रुतते. मग गावातला ट्रॅक्टर शोधत धावावे लागते. पाण्यात उतरण्याबद्दलही एक वाक्य लिहिले पाहिजे: २०१८ च्या धुळवडीला कळंबच्या किनाऱ्यावर बुडून मृत्यू झाले, आणि तो अपघात त्या पट्ट्यातला पहिला नव्हता. या किनाऱ्याला उतार मंद आहे, त्यामुळे पाणी किती आत गेले आणि किती वेगाने परत येईल याचा नवख्याला अंदाजच येत नाही.

तरीही किनारी मुक्कामाचे एक शास्त्र आपल्याकडे पूर्वीपासून आहे आणि ते शिकण्यासारखे आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा, शुद्ध पक्षात तसेच वद्य पक्षात. मिनिटाचा हिशेब यातून निघत नाही, पण तंबू कुठे लावायचा हे ठरवायला तेवढे पुरते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, अष्टमी-नवमीला भांग. भांगाच्या दिवसांत समुद्र फार वर चढत नाही. म्हणून किनाऱ्याजवळच्या रात्रीसाठी मी शुद्ध अष्टमीच्या आसपासचा शनिवार सुचवीन: भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास डोळ्यांदेखत येऊन जाते, मध्यरात्रीपर्यंत चांदणे असते आणि त्यानंतर तारे पाहायला अंधार मिळतो. उधाणाच्या पाण्याने वाळूवर सोडलेली काटक्या-शंखांची रेघ दिसतेच. तिच्या खाली कधीही झोपू नये.

रानाचे उत्तर सर्वांत सरळ आहे. वसईच्या पूर्वेचे तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय राहता येत नाही आणि आग पेटवता येत नाही. महादेवाचे दर्शन घ्यावे, ओढ्याच्या कडेने चालावे आणि दिवस मावळण्याआधी खाली यावे. बिबट्या हे त्याचे एक कारण, पण एकमेव नाही. रात्री माणसे नसलेले रान उरलेच नाही तर बिबट्या, सांबर, घुबड जाणार कुठे?  केरळात वायनाडच्या मेप्पाडीला जानेवारी २०२१ मध्ये रानालगतच्या तंबूमुक्कामात एका शिक्षिकेचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला, आणि परवाने नसलेली किती ठिकाणे तिथे चालू होती हे त्यानंतर उघड झाले. रानाच्या कडेला तंबू भाड्याने देणाऱ्याला परवान्याचा कागद दाखवायला सांगणे हा पाहुण्याचा हक्क आहे, आणि त्यात संकोच करू नये.

धरणाकाठचा मुक्काम हा गेल्या पंधरा-वीस वर्षांतला सर्वांत मोठा बदल. पवना धरणाच्या पाण्याभोवती आज शनिवारी रात्री तंबूंच्या रांगा लागतात. लोणावळ्यापासून जवळ, पुणे आणि मुंबई दोन्हीकडून काही तासांत पोहोचता येईल असे, समोर तुंग आणि तिकोना हे किल्ले. याची दुसरी बाजू पाहुण्यांना फारशी माहीत नसते. या धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांतल्या अनेकांचे पुनर्वसन अर्धवट राहिले. त्यांच्याच पुढच्या पिढीतली मुले उरलेल्या काठावर तंबू लावून, चूल पेटवून पोट भरू लागली. हा रोजगार मला मोलाचा वाटतो. पण पवनेचे झाले असे की तंबूंची संख्या कोणी ठरवली नाही, शौचालयांची संख्या कोणी ठरवली नाही आणि आवाजाला मर्यादा राहिली नाही. एका काठावर चार ठिकाणची गाणी एकाच वेळी वाजत असतील तर तो निसर्गातला मुक्काम राहत नाही. शिवाय धरणाचे पाणी खोल असते, तळाशी गाळ आणि बुडालेली झाडे असतात. पोहता येणारा माणूसही तिथे बुडतो.

भंडारदऱ्याला मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजवे पाहायला जाणारी गर्दी हा याच प्रश्नाचा नाजूक भाग. काजव्याचा नर चमकून मादीला खूण करतो. झाडाखाली मोटारींचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या लागल्या की ती खूण पोहोचत नाही, आणि ज्यासाठी आपण गेलो तेच पुढच्या वर्षी कमी होते. तिथे जायचेच असेल तर सुट्टीचा वार टाळून, गावातला वाटाड्या घेऊन आणि दिवा न लावता उभे राहायची तयारी ठेवून जावे.

पावसाळा सुरू झाल्यावर धबधब्याखाली आणि धरणाच्या सांडव्याजवळ मुक्कामाचा विचारही करू नये. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. वर पाऊस झाला की खाली पाणी क्षणात वाढते. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी. त्या घटनेनंतर पुणे जिल्ह्यात बंदीचे आदेश निघाले आणि आता दर पावसाळ्यात अनेक जिल्ह्यांत असे आदेश निघतात. सहलीच्या आधी त्या जिल्ह्याचा ताजा आदेश वाचणे हा आता तयारीचाच भाग आहे. संस्था सहल नेत असेल तर तिने राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी केली आहे का, हेही विचारावे.

आता गाडीबद्दल. झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी, म्हणजे कॅरॅव्हॅन, महाराष्ट्रात धोरणापुरती २०२१ मध्येच आली. हॉटेले नाहीत अशा ठिकाणी पर्यटक राहू शकतील, कायमचे बांधकाम करावे लागणार नाही, असा त्यामागचा विचार होता. गाड्यांसाठी पाणी, वीज, रस्ता असलेले तळ पर्यटन महामंडळाच्या किंवा खाजगी जमिनीवर उभे करावेत, त्यांना करात सवलती मिळाव्यात, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी व्हावी, अशा तरतुदी त्यात आहेत. केरळने त्याच वर्षी आपले धोरण आणले आणि २०२२ मध्ये वागमणला पहिला तळ उघडला. धोरण चांगले आहे. अडचण अशी की गाडी विकत घ्यायला एक माणूस पुरतो. तळ उभा करायला जमीन लागते, आणि महानगराजवळ जमिनीचा भाव इमारतीच्या हिशेबाने ठरतो. त्यामुळे गाड्या दिसू लागल्या, तळ मात्र मोजके राहिले. मग गाडी ढाब्याच्या आवारात, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात किंवा रस्त्याच्या कडेला उभी राहते, आणि तिच्या पोटातली घाण सोडायला जागा नसते.

हा घाणीचा प्रश्न गाडी भाड्याने देणारे शेवटी सांगतात, मी तो आधी मांडतो. लहान गाडीत पाण्याची टाकी साधारण शंभर लिटरची आणि शौचालयाची पेटी वीसेक लिटरची असते. चार माणसांचे कुटुंब ती पेटी दीड-दोन दिवसांत भरते. ती रिकामी करायची जागा एकच, चालू सेप्टिक टँक असलेले घर किंवा तळ; ओढा नाही, गटार नाही, वाडीचा पाट तर नाहीच. पेटीत टाकायचे वासनाशक औषध फॉर्मल्डिहाइडचे असेल तर ते सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू मारते, म्हणून जैविक औषध मागून घ्यावे. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांच्या अशा सहलींचे फोटो आपण पाहतो; घाण सोडायच्या तळासमोर हातमोजे घालून उभ्या असलेल्या बापाचा फोटो कोणी पाठवत नाही. पण तिथली सगळी व्यवस्था त्या तळांवर उभी आहे. १९६२ मध्ये मोंटानातल्या बिलिंग्जला सुरू झालेली केओए ही तळांची साखळी याच गरजेतून वाढली. आणि तिथेही शहराजवळच्या जागा सहज मिळत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सरकारी उद्यानांत सहा महिने आधी आरक्षण करावे लागते.

गाडी घेताना कागदपत्रे नीट पाहावीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानकच आहे. जुन्या टेम्पोत पलंग आणि गॅसची शेगडी बसवून दिलेली गाडी स्वस्त मिळेल, पण अपघातात विमा हात वर करील. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेणेही बेकायदा. शिवाय नंदाखाल-आगाशीकडचे आतले रस्ते पाहिलेल्या माणसाला हे पटेल की इथे मोठी गाडी आणूच नये. दोन्ही बाजूंना वाड्यांचे गडगे, वरून विजेच्या तारा, वळणावर झुकलेले माड. इथे साध्या मोटारीच्या टपावर उघडणारा तंबू किंवा जमिनीवरचा साधा तंबू हेच योग्य. मोठ्या गाडीला महामार्गालगतचा तळ बरा. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर विरार फाट्यापासून मनोरपर्यंत अशा दोन-तीन नोंदणीकृत जागा झाल्या तर मुंबई-गुजरात वाटेवरच्या सगळ्यांचीच सोय होईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईकडून येणाऱ्या लहान गाडीला घोडबंदरचा पूल आणि तिथली कोंडी टाळता येते. मुलांना ती खाडीची वाट सहलीतला पहिला आनंद वाटतो.

एक धोका मात्र गाडी आणि तंबू दोन्हींनाही सारखाच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे मृत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरला होता. या वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बंद तंबूत शेगडी, गाडीत चालू जनरेटर, ऊब राहावी म्हणून आत ओढून घेतलेली निखाऱ्यांची घमेली, ही तिन्ही कामे कितीही थंडी असली तरी करू नयेत. उत्तर कोकणातल्या थंडीला दोन चादरी पुरतात.

तंबूचा मुक्काम ही परदेशातून आलेली चैन आहे असे काही जण म्हणतात, ते मला मान्य नाही. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर आणि तुकोबांच्या पालख्यांबरोबर लाखो माणसे जवळपास रोज एका नव्या तळावर झोपतात. दिंडीचा ट्रक पहाटे पुढे निघतो, ठरलेल्या जागी राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, आणि दिंडी पोहोचते तेव्हा पाणी तापलेले असते. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक आहेत. पाण्याचे टँकर कुठे उभे राहणार हे आधी ठरते. उघड्यावर शौचाला जाण्याने गावे घाण होत, म्हणून गेल्या काही वर्षांत निर्मलवारी या उपक्रमातून फिरती शौचालये तळांवर आली. वारीत जमीन, पाणी आणि घाण या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शासन, गावकरी आणि दिंडीप्रमुख मिळून आधी शोधतात. जगातल्या कोणत्याही तळव्यवस्थेपुढे ठेवावा असा हा अनुभव आपल्याच घरात आहे, आणि आपले पर्यटन धोरण लिहिणाऱ्यांनी तो पुरेसा वापरलेला नाही असे मला वाटते.

महानगराजवळ मोकळीक आवरावी लागते, याचे परदेशातले उदाहरण स्कॉटलंडचे. तिथे २००३ च्या कायद्याने कोणालाही मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने तंबू लावायचा हक्क दिला. पण ग्लासगोजवळच्या लॉख लोमंड तळ्याकाठी शहरातली गर्दी इतकी वाढली, झाडे तोडणे आणि कचरा इतका वाढला, की मार्च २०१७ पासून तिथे मार्च ते सप्टेंबर या काळात ठरावीक पट्ट्यांत परवाना सक्तीचा झाला. ज्यांचा हक्क सर्वांत मोकळा, त्यांनाही शहराच्या अंगणात संख्या मोजावी लागली. गोव्याने २०१९ मध्ये उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्या आणि दारू पिणाऱ्या पर्यटकांना दोन हजार, टोळक्याला दहा हजार दंड ठरवला, तो याच कारणाने.

म्हणजे उरते खाजगी जमीन, आणि नंदाखालच्या संदर्भात खाजगी जमीन म्हणजे वाडी. या आढाव्यातला मला सर्वांत जवळचा भाग हाच.

वसईच्या पश्चिम पट्टीत समुद्र आणि रेल्वे यांच्यामध्ये शेकडो वाड्या आहेत. केळी, माड, पानवेली, मोगरा, सोनचाफा, जाई. राजेळी केळ्यांची सुकेळी ही आगाशी भागाची जुनी ओळख. नंदाखालचे पवित्र आत्म्याचे चर्च १५७३ मधले. त्याच्या भोवतीच्या कुपारी समाजाने साडेचारशे वर्षे ही शेती सांभाळली. वाडीत पाण्याचे दोन आधार होते, विहीर आणि बावखल. बावखल म्हणजे पावसाचे गोडे पाणी साठवणारे मोठे खोदलेले तळे. त्याने उन्हाळ्यात शिंपण होई आणि जमिनीखालचे खारे पाणी दूर राही. पुढे विरार-नालासोपाऱ्याला इमारती उठल्या आणि वसईच्या विहिरींतले पाणी टँकरने तिकडे जाऊ लागले. विहिरी खाऱ्या होऊ लागल्या, बावखले भराव टाकून बुजवली गेली. याविरुद्ध १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली, तिचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. पुढे ते २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी लढलेल्या या गावात मुक्कामाला जाणाऱ्याने विहिरीचा एक एक डोल जपून वापरणे हा किमान शिष्टाचार आहे. वाडीत शॉवर मागू नये. चार माणसांना एका रात्रीला प्यायचे वीस लिटर पाणी घरून आणावे, उरलेले यजमान सांगेल तेवढेच घ्यावे, आणि साबणाचे पाणी केळीच्या आळ्यात न सोडता बाजूच्या खड्ड्यात सोडावे.

वाडी मुक्कामाला सर्वांत योग्य का, याची कारणे साधी आहेत. मालक हजर असतो. घराला सेप्टिक टँक असतो. झाडांमुळे वारा अडतो. रात्री काही झाले तर हाक मारायला माणूस असतो. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात शेतकऱ्याला राहण्याची सोय करून उत्पन्न मिळवता येते, तंबूही त्यात बसतात. एक वाडी, चार तंबू, दोन शौचालये एवढेच प्रमाण ठेवले तर वाडीवाल्याला वर्षातले तीन महिने बरे पैसे मिळतील, आणि जमीन विकण्याचा दबाव थोडा तरी कमी होईल. चाराचे चाळीस झाले की पवनेची गत इथे होईल. इथल्या विहिरींना ते झेपणार नाही. संख्येची ही मर्यादा सरकारने घालण्याची वाट न पाहता गावाने आधीच घालावी असे माझे ठाम मत आहे.

वाडीत विचारायचे कसे, हेही सांगतो, कारण शहरातली माणसे इथे अडखळतात. फाटकातून आत जाऊन तंबूची जागा शोधू नये. आधी एकदा दिवसा यावे, ओट्यावर बसावे, "काका, आम्ही चौघे आहोत, पुढच्या शनिवारी एक रात्र तुमच्या वाडीत राहिलो तर चालेल का? जेवण काकूंच्या हातचे मिळाले तर उत्तम, नाहीतर आमचे आम्ही करू," असे स्पष्ट बोलावे. पैसे किती, गाडी कुठे लावायची, शेकोटी चालेल का, किती वाजता दिवे मालवायचे, हे त्याच बैठकीत ठरवावे. इथली फुलवाली कुटुंबे पहाटे मोगरा-चाफा खुडून पहिल्या गाड्यांनी दादरच्या बाजाराला जातात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहेच. वाडीत मात्र नुसत्या मोठ्या गप्पाही त्यांच्या झोपेवर येतात.

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. ऑक्टोबरात उकाडा आणि डास, मार्चनंतर घाम, जूनपासून पाऊस. हिवाळ्यात दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि उत्तररात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात, म्हणून तंबूचे दार उत्तर किंवा दक्षिणेकडे ठेवावे. दव भरपूर पडते. तंबूचे वरचे आवरण आतल्या कापडाला टेकू देऊ नये आणि जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात, नाहीतर श्वासाचे पाणी छतावर जमून पहाटे अंगावर ठिबकते. वाळूत नेहमीचे खुंटे टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून ती कोपरभर खोल पुरली की वाऱ्यात तंबू हलत नाही.

सापाची भीती अनेकांना असते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. वाडीत उंदीर असतात म्हणून साप असतात. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि दंश फारसा दुखत नाही, हेच त्याचे भय. तळ शिवलेला, चेन लावून बंद होणारा तंबू हा त्यावरचा चांगला उपाय. नुसती चटई टाकून केळीखाली झोपू नये. बूट तंबूच्या आत ठेवावेत, रात्री पाय ठेवण्याआधी बॅटरी मारावी. झोपेतून उठल्यावर पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या तर वेळ न घालवता १०८ ला फोन करावा आणि सरकारी रुग्णालय गाठावे. दंशाची खूण दिसत नाही म्हणून थांबू नये.

शेकोटी लहान असावी, जमिनीपासून उचललेल्या लोखंडी घमेल्यात, वाळलेल्या झावळ्यांच्या ढिगापासून लांब. सुक्या करवंट्या छान जळतात. शेजारी पाण्याची बादली भरलेली हवी. खरे तर या भागातल्या हिवाळी रात्रीला शेकोटीपेक्षा उकडहंडी अधिक शोभते: कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, ओले खोबरे आणि लसूण मातीच्या हंडीत घालून मंद आचेवर. मुलांना हंडी लावायला बसवावे. दोन तास त्यांना मोबाइल आठवत नाही.

पहिल्यांदाच निघणाऱ्या कुटुंबासाठी माझा आराखडा असा. दिवाळीनंतर एका रविवारी नुसते येऊन वाडी ठरवून जावे. शुद्ध अष्टमीजवळचा जानेवारीतला शनिवार निवडावा. सकाळी लोकलने विरार, पश्चिमेहून आगाशी-अर्नाळ्याच्या बसने नंदाखाल. सामान पाठीवर मावत नसेल तर ते जास्त झाले असे समजावे. दुपारी तंबू लावावा, उन्हे उतरल्यावर राजोडीला भरती पाहायला जावे, काळोख पडण्याआधी वाडीत परतावे. रविवारी सकाळी निर्मळचे तळे आणि शंकराचार्यांचे मंदिर पाहावे, वाटेत नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथे उत्खनन केले होते. निघताना कचऱ्याची पिशवी बरोबर न्यावी आणि सुकेळी, भाजी, फुले वाडीवाल्याकडूनच विकत घ्यावीत.

नाताळचा आठवडा मात्र सोडावा. त्या दिवसांत नंदाखालच्या प्रत्येक घरी मुंबईहून, आखातातून स्वतःची माणसे आलेली असतात, ओट्यांवर गव्हाणी मांडलेल्या असतात, आणि परक्याला नाही म्हणायला इथल्या माणसाला जड जाते. जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की वाड्या मोकळ्या होतात. मग खुशाल विचारावे.